जागेअभावी राहून गेलेली बातमी

अहो,

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर जळते आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत हे वाक्य म्हणता आलं नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि एकेक जण उठून सांगत होता, की भास्करराव म्हणजे देवमाणूस. सभा संपल्यावर अध्यक्ष जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर तुम्हीच लिहा. तुम्ही तर प्रोफेशनल." मी मान हलवली. मनात म्हटलं, प्रोफेशनल मी, आणि वाचक त्यांचे.

तो लेख मी लिहीन. त्यात तुमचं गाव येईल, शिक्षण येईल, शारजात कधी आलात ते येईल. हा लेख तुमच्यासाठी आहे, आणि यात मला भांडायचं आहे.

लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. कुठलीही बातमी चार शब्दांच्या मथळ्यात बसवायची, ही माझी ख्याती होती. तुमच्याशी लग्न करून इथे आले तेव्हा पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का होता: गृहिणी, काम करण्यास परवानगी नाही. तुम्ही तो वाचून हसलात. "बरंय की, सरकारी आराम." मी हसले नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही.

तुम्ही एसीच्या डक्टची कामं घ्यायचात. आधी अजमानात, मग हमरिया फ्री झोनमध्ये शेड उभ्या राहायला लागल्या तेव्हा तिकडे. पत्रा कापायचा, वाकवायचा, छताला टांगायचा. तुमचं वाचन म्हणजे दोन दिवस शिळ्या पेपरातलं क्रिकेटचं पान. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं तेव्हा माझा पहिला अग्रलेख उशाशी ठेवून तुम्ही तीन दिवस घोरलात. चौथ्या दिवशी म्हणालात, "छान आहे."

"कशावर आहे?"

"मराठीवर."

तो एकटेपणावर होता.

आणि असा माणूस पुढे सात वर्षं एक वर्तमानपत्र काढतो, आणि लोक ते पाठ करतात. मला राग येणार नाही तर काय होईल?

धैदच्या रस्त्यावर धुळीच्या वादळात तुमच्या पिकअपची एका माणसाला धडक बसली, तिथून हे सगळं सुरू झालं. तो माणूस वाचला, पुढे चालायलाही लागला. पण केस मिटेपर्यंत तुम्ही आत होतात. त्रेचाळीस दिवस. मी केतकीला शाळेत सोडायचे, टाइपिंग सेंटरवर जाऊन अर्ज अरबीत करून घ्यायचे आणि तो घेऊन एकेका खिडकीपुढे उभी राहायचे. प्रत्येक खिडकीत एकच उत्तर, इन्शाल्ला. तुम्ही सुटून आलात त्या दुपारी मी साधं वरण, भात, बटाट्याची भाजी केली होती. तुम्ही चपला काढल्यात, केतकीच्या डोक्यावर हात ठेवलात, आणि मला उद्देशून तुमचा पहिला शब्द होता, "पेपर ठेवलेस का गं?"

"कसले पेपर?"

"मी नव्हतो तेव्हाचे."

ठेवले नव्हते. मला काय सुचणार त्या दिवसांत? तुम्ही उलट्या पावली खाली गेलात आणि मल्याळी किराणावाल्याच्या रद्दीतून हिंदी-इंग्रजी मिळतील ते पेपर उचलून आणलेत. जमिनीवर फतकल मारून, बोटाने तारखा लावत वाचत बसलात. भात गार झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की तुम्ही आत कुणाच्या तरी प्रेमात पडून आला आहात.

त्याचं कारण तुम्ही चार दिवसांनी सांगितलंत. आत कुणाच्या तरी सामानाभोवती गुंडाळून हिंदी पेपरचा एक तुकडा आला होता. पंजाएवढा. कुठल्याशा नगरपालिकेने पाणी सोडायची वेळ बदलली, अशी त्यात बातमी होती, तीही अर्धी. तो तुकडा साठ माणसांत फिरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेतला.

"आठ दिवस आम्ही भांडत होतो निमा," तुम्ही म्हणालात, "की आता पाणी सकाळी येत असेल का संध्याकाळी. दोघांची तर हातापाई झाली."

मी पत्रकार. मला त्यात एक चांगला लेख दिसला. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात एक फुलस्केप कागद घेऊन बसलात.

तुरुंगातल्या एका अधिकाऱ्याशी तुमचं आत असतानाच जमलं होतं. हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला माणूस. त्याने अटी घातल्या: कुणाच्या केसबद्दल नाही, राजकारण नाही, धर्म नाही, आणि प्रत्येक अंक आधी त्याला वाचून दाखवायचा. दर दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून पूर्ण अंक मोठ्याने वाचायचात. तो चहा पीत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "क्रिकेट वाला फिर से पढ़ो." मग, "खलास हबीबी, दे दो."

एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी, सगळं हाताने लिहिलेलं, तुमच्या ऑफिसच्या मशीनवर झेरॉक्स केलेलं. तुमची हिंदी म्हणजे मराठीच्या शेपटीला 'है' बांधलेलं. नाव ठेवलंत 'पोहोच'. पहिला अंक माझ्यापुढे टाकून म्हणालात, "जरा ऱ्हस्व-दीर्घ बघ."

मी वाचला. मला तो आजही तोंडपाठ आहे, आणि त्याचाही मला राग आहे. "आज शुक्रवार आहे. बाहेर ऊन कमी झाले आहे, संध्याकाळी लोक कॉर्निशवर पाण्याकाठी बसतात. कांदे स्वस्त झाले. आपल्याकडे कोकणात भातकापणी चालू आहे. परवा धुळीचे वादळ आले होते ते तुम्हालाही ऐकू आले असेल, त्यात आमच्या समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी पडली, कुणाला लागले नाही."

"ही बातमी नाही," मी म्हटलं. "समोरच्या इमारतीची टाकी ही बातमी कशी होईल?"

"त्यांना माहीत आहे का ती पडली ते?"

"नाही."

"मग बातमी आहे."

हे भांडण आपण सात वर्षं भांडलो. मी म्हणायचे, ईदच्या आधी माफीच्या याद्या निघतात, त्यावर लिहा, कैद्यांना दुसरी कुठली बातमी हवी असणार? तुम्ही म्हणायचात, यादी भिंतीवर लागेपर्यंत एक अक्षर नाही. "आत आशा दुधासारखी नासते गं. मी बघितलंय. माणूस अफवा ऐकून पिशवी भरून बसतो, आणि यादीत नाव नसलं की ती पिशवी उघडायला त्याला महिना लागतो." मी म्हणायचे, हे संपादन नाही, हे लाड आहेत. तुम्ही म्हणायचात, असतील.

मग सुटलेली माणसं घरी यायला लागली. विमानाला चार-सहा तास असताना, मुद्दाम वाट वाकडी करून. सगळे हॉलमध्ये सोफ्याच्या कडेला बसायचे आणि मी चहा द्यायचे. नेल्लोरचा एक ड्रायव्हर आठवतो? त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून चौदा अंक काढले. घड्यांवर इतके झिजले होते की चौकोन सुटे व्हायला आले होते. "भाई का हर पेपर है," तो म्हणाला. "सिर्फ एक नहीं, वो किसी ने मांग लिया." त्याच आठवड्यात मी कुलकर्णीवहिनींकडे हळदीकुंकवाला गेले होते. माझी स्मरणिका, आर्ट पेपर, चार रंगांतली, त्यांच्या मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेली होती. माझा अग्रलेख वर आलेला आणि त्यावर हळदीचा पिवळा गोल. मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं, "तुमच्या लोकांना दुसरं काही वाचायला नाही म्हणून वाचतात." तुम्ही शांतपणे म्हणालात, "हो, तेच."

फोन सुरू झाले ते मात्र मी कबूल करते, मला आवडायचे. खेडवरून, सोलापूरवरून, गोरखपूरवरून आतल्यांच्या घरच्या बायका एसटीडी बूथमधून फोन करायच्या, पैसे पळताहेत म्हणून भरभर बोलायच्या. त्याला सांगा मुलगी दहावी झाली. सांगा छप्पर शाकारलं. केतकी फोन उचलायची आणि तुम्हाला हाक मारायची, "बाबा, जेलवाले अगेन!" तुम्ही फोनजवळ दोरी बांधलेली वही ठेवली होती. तुम्ही साइटवर असाल तर मी त्यात लिहून घ्यायचे. शेवटच्या पाव पानात तुम्ही ते सगळं नावानिशी छापायचात, आणि आतली माणसं तिथूनच वाचायला सुरुवात करायची.

नांदेडच्या एका माणसाची आई गेली तेव्हा आपण सगळ्यात जास्त भांडलो. त्याच्या भावाचा फोन मीच घेतला होता. मी म्हटलं, हे छापायला हवं. ज्या पेपरात वाईट बातमी येत नाही त्याच्या चांगल्या बातमीवर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही म्हणालात, "चारशे माणसांच्या गर्दीत उभं राहून त्याने आपली आई गेल्याचं वाचायचं?" तुम्ही परवानगी काढून स्वतः गेलात आणि त्याच्याजवळ दोन तास बसलात. घरी आलात तेव्हा तुमच्या शर्टाचा खांदा चुरगळलेला होता.

माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही दारात उभे राहून, चपला पायात असताना म्हणालात, "निमा, पुण्याहून फोन होता. बाबा गेले." आणि लगेच तिकिटाच्या मागे लागलात. मला त्या नांदेडच्या माणसाचा हेवा वाटला होता. आईविना झालेल्या, तुरुंगात बसलेल्या माणसाचा. हे मी आज लिहिते आहे, कारण आता तुम्ही माझ्याकडे त्या चकित नजरेने बघू शकत नाही.

आता ती गोष्ट.

तुमच्या पाठीतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे सपाट झोपायला सांगितलं. तुम्ही पलंगावरून म्हणालात, "या वेळचा अंक तू काढ. तुला काय, डाव्या हातचा मळ." इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या कामाबद्दल काढलेले ते सगळ्यात चांगले उद्गार. मी दोन दिवस अग्रलेख लिहिला. धीर या विषयावर. तो चांगला होता, हे मी आजही म्हणते. पण तो लांबला. दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत. फुलस्केप कागद काही वाढत नाही. मी पुण्यात सहा वर्षं केलं तेच केलं, कमी महत्त्वाचं कापलं. घरच्या निरोपांतले नऊ ठेवले, चार काढले. त्यात एक होता दापोलीकडच्या इक्बालचा. त्याच्या आईचा फोन मीच घेतला होता, वहीत माझ्याच अक्षरात होतं: "म्हस व्याली. रेडी झाली. दोघी बऱ्या आहेत." मी त्यावर आडवी रेघ मारली. कैद्यांच्या पेपरात म्हशीचं बाळंतपण कशाला, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

अंक गेला. वाचून दाखवायला मी गेले होते. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "क्रिकेट नहीं है?"

नऊ दिवसांनी त्याचाच फोन आला. तुमचा एक माणूस जेवत नाही, दवाखान्यात ठेवलाय, सलाइन लावलंय, या. तुम्ही कमरेला पट्टा बांधून टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवे होऊन गेलात. मी येऊ का विचारलं तर नको म्हणालात.

काय झालं होतं ते मला पुढे सुटून चहाला आलेल्या एकाकडून कळलं. इक्बालची आई दर अंकाला फोन करते हे आत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तुमचा पेपर मेल्याची बातमी छापत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्याने अंक उलटून पालटून पाहिला, स्वतःचं नाव नाही. म्हणजे आई गेली आणि भास्करभाई सांगायला येणार. तो रोज दाराकडे तोंड करून बसला. तुम्ही आला नाहीत, कारण तुम्ही पलंगावर होतात. त्याने ठरवलं की सांगायला यायचंही कुणाला धैर्य होत नाहीये, आणि त्याने खाणं सोडलं.

तुम्ही त्याला म्हशीची बातमी सांगितलीत. तो म्हणे दोनदा विचारत राहिला, रेडी का रेडा? आणि मग रडत म्हणाला, म्हणजे म्हैस विकली नाही आईने.

तुम्ही घरी आलात, औषध घेतलंत, झोपलात. मला काही बोलला नाहीत. पुढचा अंक तुम्ही पालथे पडून लिहिलात. पहिल्याच ओळीत होतं: "मागील अंकात जागेअभावी चार बातम्या राहून गेल्या. चूक संपादकाची आहे. संपादक माफी मागतो." खाली तुमचं नाव. मग ते चारही निरोप, सगळ्यात वर म्हैस.

तो अंक ऱ्हस्व-दीर्घ बघायला तुम्ही नेहमीप्रमाणे माझ्या हातात दिलात. मी 'माफी' शब्दावर पेन टेकवून बसले. फी दीर्घच असते. सुधारण्यासारखं काहीच नव्हतं.

तुम्ही वही पाहिली होती ना? माझ्या अक्षरातली नोंद आणि त्यावरची माझीच रेघ? पाहिलीच असणार, नाहीतर चार हा आकडा कुठून आला? एकदा ओरडायचं होतंत. मी उलट ओरडले असते, की मृत्यू छापत असतात तर नाव नसण्याला मृत्यू समजायची पाळीच आली नसती. ते खरंही आहे. तुमच्या लाडांचंही त्यात काही होतं. पण तुम्ही चूक स्वतःच्या नावावर छापून मोकळे झालात आणि मला भांडायला जागाच ठेवली नाहीत. इक्बाल पुढच्या ईदला सुटून घरी गेला. आपल्याकडे चहाला आला होता. माझ्या पाया पडला. मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ कपबश्या पुसत राहिले.

त्यानंतर मी एकही अंक चुकवला नाही, हे तुम्हाला दिसत होतं का? फोनच्या वहीतले सगळे निरोप मी स्वतः मोजून घ्यायचे. माझं नाव कुठे नव्हतं. मी मागितलं नाही, तुम्ही दिलं नाहीत. या दोन्हींपैकी कशाचा राग जास्त, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल शुक्रवार होता. मी तुरुंगात गेले. 'पोहोच' बंद झालं, एवढंच सांगायला. तुमचं होतं, तुमच्याबरोबर जाऊ दे. खरं सांगायचं तर मला ते चालवायचं नव्हतं. माझा अंक बघून कुणी "भाई जैसा नहीं है" म्हणेल, ते ऐकायची माझी तयारी नव्हती. तुम्ही गेल्याचं आत आधीच कळलं होतं, अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं. तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, "पेपर खलास."

तो म्हणाला, "बैठो, मॅडम." आणि टेबलाच्या खणातून वहीचा फाडलेला एक कागद काढला. "ये अंदर से आया. तुम्हारे लिये. मैंने पूरा पढ़वा के सुना, सब ठीक है." मग कागद माझ्यापुढे सरकवत, "इसमें भी क्रिकेट नहीं है."

कागदावर वर लिहिलं होतं, 'पोहोच'. तुमच्यासारखाच ह मोठा काढलेला. खाली बॉलपेनने, वेगवेगळ्या अक्षरांत, मराठीत आणि तुमच्यासारख्या हिंदीत:

"वहिनींना कळावे. आता तुमच्याकडे बातमी सांगणारे कोणी नाही म्हणून लिहितो. आज गुरुवार आहे. आम्ही सगळे बरे आहोत. दोन जण घरी गेले, एक नवीन आला, तो नाशिकचा आहे. काल मासळी होती, काटे फार होते. भाईंसाठी पाच मिनिटे गप्प बसायचे ठरवले होते, पण कोणीतरी भाईंची हिंदी बोलून दाखवली आणि सगळे हसले, माफी असावी. मंगळवारी दुपारी मोठा पाऊस झाला. आम्हाला दिसला नाही, पत्र्यावर आवाज आला. बाहेर नक्की झाला असणार."

मी तो तिथे बसून दोनदा वाचला. अधिकाऱ्याने विचारलं, "अगला कब?" मी म्हटलं, देखते हैं.

बाहेर आले तर तुरुंगाच्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत वाळूला वरून, भिजून सुकल्यावर येतो तसा कडक पापुद्रा आला होता, चपलेखाली मोडत होता. मंगळवारी मी घरातच होते. पडदे ओढलेले, फोन काढून ठेवलेला, तोंड भिंतीकडे.

घरी येऊन केतकीला विचारलं, "मंगळवारी पाऊस पडला का गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली. "येस, आई," ती म्हणाली. "आय टोल्ड यू."